सायकल टाइम

मशीनचा दरवाजा बंद करून हिरवं बटण दाबलं, आत कूलंटचा पांढरा फवारा सुटला, की त्याची नजर अजूनही मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. खरं तर एक जॉब किती वेळात निघाला ते मशीनच्या पडद्यावर आपोआप उमटतं. पण सवय. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट त्याने निरनिराळ्या वर्षी किती वेळात काढला ते त्याला तोंडपाठ आहे: चार मिनिटं दहा सेकंद, तीन मिनिटं पाच सेकंद, दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा मात्र बायकोला विचाराव्या लागतात.

माण तालुक्यातल्या कोरडवाहू घरातला हा मुलगा. १९८४ मध्ये साताऱ्याच्या आयटीआयतून टर्नर झाला, दोन वर्षं इकडे तिकडे केली आणि १९८६ मध्ये एका पिशवीनिशी भोसरीत उतरला. पिंपरी-चिंचवडचं नाव तेव्हा गावाकडे मोठं होतं. टेल्को किंवा बजाजमध्ये चिकटलेल्या मुलाला हुंडा न मागता मिळायचा. त्याला मात्र मिळाली सहा लेथ असलेली एक पत्र्याची शेड आणि महिना साडेचारशे रुपये.

त्या शेडमध्ये मापाच्या तीन भाषा चालत. शेठ बोलायचे सुतात. ‘दोन सूत उतरव’ म्हणजे पाव इंच. ड्रॉइंगवर मिलिमीटर असायचे. आणि कोपऱ्यातल्या लेथवरचे म्हातारे मिस्त्री थाऊत बोलायचे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. मिस्त्री कधी शिकवायचे नाहीत, फक्त शिव्या द्यायचे. पण शिव्यांच्या मधे जे सांगायचे ते चाळीस वर्षं पुरलं. ‘मशीनचा आवाज ऐक. टूल बोथट झालं की ते कण्हतं.’ आणि दुसरं, चिप्सचा रंग बघ. हायस्पीड स्टीलच्या टूलने लोखंड कापताना चिप्स पिवळसर, फार तर तपकिरी निघाल्या पाहिजेत. निळ्या पडल्या की टूल जळतंय, हात आवर.

हे ज्ञान पुढे एकदा त्याच्या अंगलट आलं. १९९८ च्या सुमारास तो ज्या कारखान्यात होता तिथे पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं मशीन आलं. त्यात टूलच्या टोकाला कार्बाइडचे इन्सर्ट होते. मशीन सुरू झालं, खिडकीतून गर्द निळ्या चिप्स उडताना दिसल्या आणि त्याने धावत जाऊन लाल बटण दाबलं. बंगळूरहून मशीन लावायला आलेला पोरगेला इंजिनिअर हसला. कार्बाइडला तेवढा वेग लागतोच. चिप्स निळ्या निघाल्या म्हणजे उष्णता चिप्सबरोबर बाहेर चालली आहे, टूल सुखरूप आहे. बारा वर्षं जी धोक्याची खूण होती तीच आता सगळं नीट चालल्याची खूण झाली होती. त्या दुपारी तो जेवला नाही. हातातलं कसब असं एका बटणात उलटं होतं, हे पचायला त्याला वेळ लागला.

पण त्याच्या अगोदरचे सहा-सात महिन्यांचे हिशेब सांगायला हवेत. १९९४ ते ९७ या काळात तो तीन मोठ्या कारखान्यांत ‘टेंपररी’ होता. टेंपररीचं गणित औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे टेंपररी कामगाराने बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरले की त्याला कायम करावं लागे. म्हणून कारखाने सात महिने काम देत आणि आठवा महिना पुरा व्हायच्या आत ‘ब्रेक’. कायदा कामगारासाठी केला, आणि कामगाराने सर्वांत जास्त धास्ती घेतली ती त्यातल्याच एका आकड्याची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो रोज फुली मारायचा. एका ठिकाणी २०९ वर थांबला, एका ठिकाणी २१४ वर. तिसऱ्या ठिकाणी सुपरवायझरने चहा पाजून सांगितलं, ‘काम तुझं चांगलंय, म्हणूनच आधी सांगतोय.’ हे वाक्य त्याला दिलासा म्हणून सांगितलं होतं. घरी येऊन त्याने कॅलेंडर उतरवलं.

शेवटी १९९८ मध्ये एका मध्यम कारखान्यात तो ‘परमनंट’ झाला. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा कारखाना, दोन-अडीचशे माणसं. पगार पाच हजार आठशे. गावाकडून फोन आला तो अभिनंदनाचा नव्हता, मुलींच्या स्थळांचा होता.

सीएनसीने त्याला लाजवलं होतं, म्हणून तो सीएनसीच्या मागे लागला. दुसरी पाळी संपवून रात्री बारानंतर प्रोग्रॅम वहीत उतरवून घ्यायचा. जी झिरो म्हणजे मोकळ्या हवेत जोरात पळ. जी वन म्हणजे कापत कापत चाल. एम आठ म्हणजे पाणी सोड, एम तीस म्हणजे संपलं. दहावीत गणितात काठावर पास झालेल्या या माणसाला त्रिकोणमिती कळली ती टेपर काढताना: मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले लांबीची दुप्पट, तो कोनाचा टॅन. शाळेत गुरुजींनी हेच फळ्यावर लिहिलं असणार, पण तिथे फळ्याला कूलंटचा वास नव्हता. दोन वर्षांत तो ऑपरेटरचा सेटर झाला.

ऑपरेटर आणि सेटर हा फरक बाहेरच्याला कळत नाही. ऑपरेटर जॉब चकमध्ये लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो, गेज लावून बघतो. सेटर मशीनला सांगतो काय करायचं. लेथच्या काळात ही दोन्ही कामं एकाच डोक्यात आणि एकाच हातात होती. सीएनसीने ती फोडली. सेटरची किंमत वाढली आणि ऑपरेटरचं काम महिनाभरात कुणालाही शिकवता येईल इतकं सोपं झालं. महिनाभरात शिकवता येतं म्हटल्यावर महिनाभरात बदलताही येतं. तो वर चढला तेव्हा शिडीच्या खालच्या पायऱ्या कुणीतरी काढून घेतल्या होत्या, हे त्याला बरंच नंतर दिसलं.

आता पासष्ट सेकंदांची गोष्ट. ही तो सहसा सांगत नाही.

साल २००३ असावं. कारखान्यात कायझेनचं वारं होतं, फाइव्ह एसचे तक्ते, पिवळ्या पट्ट्या, दर शनिवारी बैठक. शाफ्टचा सायकल टाइम चार मिनिटं दहा सेकंद होता. तो आठवडाभर मशीनसमोर उभा राहून बघत राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मशीन बराच वेळ काहीच कापत नाही. प्रत्येक टूल बदलताना टूल धरणारा टरेट पार टोकाला, होम पोझिशनला जातो आणि परत येतो. एवढ्या लांब जायचं कारणच नव्हतं. जॉबला धक्का लागणार नाही इतकं मागे गेलं तरी पुरे. दुसरं, माल दोन फेऱ्यांत उतरवला जात होता. कणखर इन्सर्ट घेतला तर एकाच फेरीत उतरला असता. तिसरं, चकचे जॉ बदलले की जॉब एका झटक्यात बसत होता. प्रोग्रॅममध्ये चौदा ओळी बदलल्या. सायकल टाइम आला तीन मिनिटं पाच सेकंद.

जॉब लावायला-काढायला अर्धं मिनिट धरलं तर पाळीला पूर्वी ब्याण्णव निघायचे, आता एकशे वीस. त्याचा फोटो नोटीस बोर्डवर लागला. साहेबांनी प्रमाणपत्र दिलं आणि एक स्टीलचा थर्मास. थर्मास अजून आहे.

पुढे काय झालं ते सरळ गणित होतं. सायकल तीन मिनिटांची, त्यातली तिन्ही मिनिटं ऑपरेटर नुसता उभा. मग दोन मशीन समोरासमोर फिरवली आणि मध्ये एक माणूस ठेवला. त्या लाइनवर पाळीला चार माणसं लागायची तिथे दोन पुरू लागली. उरलेले दोघे कंत्राटदाराचे होते. त्यांतला एक परभणीकडचा, पंचविशीतला, त्याच्याच हाताखाली शिकलेला. हात इतका हलका की मायक्रोमीटर फिरवताना खुंटी वाजायची नाही. त्याला कुणी काढलं नाही. पत्र नाही, नोटीस नाही. शनिवारी गेटवर मुकादम म्हणाला, ‘सोमवारपासून येऊ नको.’ एवढंच.

तो मुलगा निरोप घ्यायला आला तेव्हा थर्मासमधला चहा दोघांनी प्यायला. मुलगा काही बोलला नाही. हाही काही बोलला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला दोन गोष्टींची जोड लागलीच नव्हती, ती लागली दोन-तीन महिन्यांनी, आणि तेव्हाही फोटो बोर्डवरून उतरवावा असं त्याला वाटलं नाही. अभिमान होता. अजूनही आहे, म्हणतो. चौदा ओळींत पासष्ट सेकंद हे कुठल्याही सेटरने मान डोलवावी असंच काम होतं.

युनियनचंही तसंच. दर तीन वर्षांनी करार व्हायचा. एका कराराच्या वेळी व्यवस्थापनाने चांगली पगारवाढ देऊ केली. अट अशी की उत्पादन अमुक टक्के वाढलं पाहिजे आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागी नवे परमनंट भरायचे नाहीत. गेट मीटिंगमध्ये हात वर करून मंजुरी घेतली. त्याचा हात पहिल्या दहांत होता. मुलीची शाळा होती, घराचे हप्ते होते. कंत्राटी पोरं मीटिंगला नव्हती. त्यांना सभासदच करून घेतलं जात नव्हतं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत शॉपमधले रंग बदलत गेले. परमनंटचा गणवेश निळा, कंत्राटीचा करडा. सुरुवातीला निळ्यात एखादा करडा दिसे, पुढे करड्यात एखादा निळा. कंपनीची बस निळ्यांना. करडे शेअर रिक्षाने किंवा चालत. कँटीनमध्ये ताट तेच, कुपन वेगळं. शेजारशेजारच्या दोन मशीनवर तोच शाफ्ट, तोच सायकल टाइम, तेच रिजेक्शनचं टार्गेट. पगार एकाचा अठ्ठावीस हजार, दुसऱ्याचा अकरा. दुसऱ्याच्या अकरातूनही कंत्राटदाराचं काहीबाही कापलं जायचं.

हे एकट्या त्या कारखान्याचं नव्हतं. कारखान्यांची सरकारी वार्षिक पाहणी असते, तिच्या आकड्यांत २००० च्या सुमारास देशभरच्या कारखान्यांतल्या दर पाच कामगारांत एक कंत्राटी होता. २०२२-२३ पर्यंत पाचात दोन झाले. चाकणला ही बेरीज पायी फिरताना दिसते. २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगन आली, आजूबाजूला मोठमोठी नावं आली, त्यांच्या मागे पुरवठादार आले. पाळी सुटली की महाळुंगे-खराबवाडीच्या रस्त्यावर मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा एकत्र चालत असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच अंथरुणावर. आणि त्या खोल्यांचा मालक एकेकाळचा ज्वारी-कांद्याचा शेतकरी. त्याच्या चाळीस खोल्या असतील तर महिन्याचं भाडं त्या सहाजणांच्या मिळून पगारापेक्षा जास्त. एकही गिअर न कापता. आमचा टर्नर यावर चिडत नाही, त्याला हसू येतं. माणमध्ये त्याची स्वतःची साडेतीन एकर आहे. तिथे कुणी खोल्या मागायला आलेलं नाही.

मुलगी बी.कॉम. करत असताना तिने एकदा वडिलांचे जुने पगाराचे कागद काढले आणि महागाईचा निर्देशांक लावून हिशेब केला. १९९८ चे पाच हजार आठशे आणि २०१९ चे एकतीस हजार. आकडा पाचपटीहून मोठा झालेला, पण महागाई वजा केली तर वाढ साधारण दीडपट. त्याच काळात एका माणसामागे निघणारे शाफ्ट? लेथवर तेवढ्याच अवघड जॉबचे पाळीला वीस-बावीस निघत. दोन सीएनसी सांभाळणारा एक माणूस दोनशेतीसच्या पुढे काढत होता. मुलीनेच मग अझीम प्रेमजी विद्यापीठाचा २०१८ चा ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ अहवाल दाखवला. त्यात संघटित कारखानदारीचं तीसेक वर्षांचं चित्र होतं: दर कामगारामागची उत्पादकता सहापटीहून अधिक वाढली, व्यवस्थापकांचे पगार तिप्पट झाले, उत्पादनावरच्या कामगारांचे पगार दीडपट.

तो दीडपट हा आकडा बघून बराच वेळ गप्प बसला. आपण एकटेच नाही याचं समाधान वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. मग म्हणाला, ‘मशीन मालकाचं होतं, कर्ज मालकाचं होतं, हेही लिहिलंय का त्यात?’ प्रश्न कुत्सित नव्हता. वीस-पंचवीस लाखांचं मशीन, त्याचं व्याज, इन्सर्टचा खर्च हे त्याने जवळून बघितलं होतं. उत्पादकता सगळी कामगाराच्या घामाची नसते, इतकं त्याला कळत होतं. पण सगळी मशीनचीही नसते. त्या पासष्ट सेकंदांत मशीन तेच होतं.

२०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली. पाळ्या कमी झाल्या, आठवड्यातून दोन दिवस ब्लॉक क्लोजर. आधी करडे गेले, नेहमीप्रमाणे, काही न बोलता. मग निळ्यांसाठी व्हीआरएस आली. एव्हाना शेवटच्या लाइनवर गॅन्ट्री बसली होती. जॉब लावायला-काढायला माणूसच नको. सायकल टाइम दोन अठ्ठेचाळीस. त्याने सोळा लाख घेतले, त्यातल्या नऊ लाखांत जुनं सीएनसी मशीन घेतलं आणि तेहतीस वर्षांनी पुन्हा भोसरीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये उभा राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा पहिल्यांदा स्वतःच्या मशीनची केली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी लॉकडाउन लागला. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही. त्याच्यासारख्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या वर्कशॉपचं काय झालं असेल ते यावरून कळावं. शेडचं भाडं मात्र दर महिन्याला एक तारखेलाच द्यावं लागत होतं.

तो तगला. कसा, ते तोही नीट सांगू शकत नाही. बायकोचे दागिने, मेहुण्याचे दीड लाख आणि एका जुन्या साहेबाने दिलेली ऑर्डर. २०२४ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि भविष्य निर्वाह निधीची पेन्शन सुरू झाली: एकवीस वर्षांच्या नोकरीचे महिना तीन हजारांच्या आत. पगार कितीही असला तरी पेन्शनच्या हिशेबात सहसा २०१४ पर्यंत साडेसहा हजार आणि नंतर पंधरा हजार एवढाच धरला जातो. त्यात शेडचं विजेचं बिलही भागत नाही.

आज त्याच्याकडे कामाला दोन मुलं आहेत. एक लातूरचा, एक ओडिशाचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागतो, त्यामुळे या दोघांना पीएफ नाही. कायद्याने द्यायला लागत नाही, हे तो सांगतो, आणि सांगताना समोरच्याकडे बघत नाही. फुल्या मारलेलं कॅलेंडर ज्याने उतरवलं त्याच्या तोंडी हे वाक्य आहे. त्याचंही गणित सरळच आहे. ज्या कंपनीला तो शाफ्ट देतो ती दरवर्षी तीन टक्के दर कमी करून मागते. तिच्याकडून तिच्यावरची कंपनी तेवढेच मागते. लोखंड, वीज, इन्सर्ट काही कमी होत नाही. कमी करता येतात ते सेकंद, नाहीतर माणूस. वर आता इलेक्ट्रिक स्कूटरचा धसका. तिच्यात क्रँकशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही, त्याचा शाफ्ट लागतो तसला गिअरबॉक्सही नाही.

गेल्या पावसाळ्यात लातूरच्या मुलाने दुपारच्या चहाला विचारलं, ‘मामा, हा टूल एवढा मागं कशाला जातोय?’

जुन्या मशीनवरचा नवा जॉब होता, प्रोग्रॅम घाईत लिहिला होता, आणि होम पोझिशन तशीच राहून गेली होती. चुकला होता तोच. त्याने कप खाली ठेवला, मुलाला पडद्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, ‘तूच बदल.’ मुलाने सहा ओळी बदलल्या. पहिल्यांदा मशीन कोऱ्यावर, जॉब न लावता चालवलं, फीडचं बटण दहा टक्क्यांवर ठेवून, बोट लाल बटणावर. नीट झालं. एकोणीस सेकंद वाचले.

संध्याकाळी चलनाच्या पाठीमागे त्याने भागाकार केला. एकोणीस सेकंदांचे दिवसाला किती, महिन्याला किती, त्यातले तीन टक्के कंपनीला गेले तर उरले किती. मुलाच्या पगारात पंधराशे वाढवले. आणखी वाढवता आले असते का? आले असते, तो म्हणतो. थोडे.

मुलाने पैशांबद्दल काही विचारलं नाही. त्याला दुसरंच हवं होतं. ‘मामा, पगाराची स्लिप मिळंल का? गाडीच्या लोनला मागत्यात.’ शेडमध्ये स्लिप कधी बनवलेली नव्हती. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी मुलीने घरच्या कॉम्प्युटरवर नमुना तयार केला. नाव, महिना, दिवस, मूळ पगार. मग ती ‘पद’ या रकान्यापाशी थांबली.

‘ऑपरेटरच ना?’

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. सेटर लिहिलं तर उद्या हीच स्लिप घेऊन पोरगं दुसरीकडे दाखवेल आणि जास्त मागेल. दुसरीकडे म्हणजे लांब नव्हे. त्याच गल्लीच्या टोकाला नव्या शेडवर ‘सीएनसी सेटर पाहिजे’ असा बोर्ड महिनाभर लटकतो आहे. ‘सेटर लिही,’ तो म्हणाला, आणि थर्मास धुवायला आत गेला.